किती युनिटांचं सुतक?

प्रेग्नन्सीच्या पट्टीवर उमटणारी जांभळट-गुलाबी रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते, हे मी लॅबमध्ये कितीतरी बायकांना सांगितलंय. एकीचाही विश्वास बसलेला नाही. सोन्याचे कण इतके बारीक केलेले असतात की त्यांचा रंग पिवळा राहतच नाही, लालसर होतो. त्यांना एक अँटिबॉडी चिकटवलेली असते. लघवीत एचसीजी हे संप्रेरक असलं की ते या कणांना धरतं आणि ओलीबरोबर पट्टीवर पुढे सरकतं. ‘टी’ लिहिलेल्या जागी दुसरी अँटिबॉडी टपून बसलेली असते, ती त्याला अडवते आणि सोनं तिथं साचतं. एचसीजी नसलं तर सोनं तिथं न थांबता पुढे जातं आणि फक्त ‘सी’ची रेघ दिसते. तीन थेंब आणि पाच मिनिटं, एवढंच काम. त्या पाच मिनिटांत माणसं देव आठवतात, हे मात्र मी रोज बघते.

डोंबिवली पूर्वेला रामनगरात माझी लॅब आहे. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रिज आणि मदतीला एक मुलगी. मोठ्या तपासण्यांचे नमुने दुपारी ठाण्याला जातात आणि रिपोर्ट संध्याकाळी येतात. सकाळी सात ते साडेनऊ उभं राहायला जागा नसते, कारण सगळ्यांना लोकल गाठायची असते. बाटली टेबलावर ठेवायची, ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ म्हणायचं आणि स्टेशनकडे पळायचं. शुगरवाले, युरीन रूटीनवाले बाटली बिनधास्त पुढे करतात. यूपीटीची, म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टची, बाटली मात्र कागदात, कागद पिशवीत, पिशवी पर्समध्ये अशी येते, आणि देणारीचा आवाज खाली गेलेला असतो.

गेल्या वर्षी गणपतीत पलावाहून एक मुलगी येत होती. मुलगी म्हणजे तिशीतली; माझ्या वयाला त्या सगळ्या मुलीच. पाळी चुकून चारच दिवस झालेले. घरी केलेल्या पट्टीवर फिकट रेघ आली होती, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं बीटा एचसीजी करायला सांगितलं. ते आलं 38. दोन दिवसांनी पुन्हा केलं. गर्भ नीट रुजला असेल तर या दिवसांत आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो. तिचा आला 17. त्याच सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला होता. डॉक्टरी भाषेत याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. म्हणजे रसायनात दिसली, सोनोग्राफीत दिसायच्या आत संपली.

संध्याकाळी ती रिपोर्ट न्यायला आली. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, साताऱ्याहून सासूबाई आलेल्या. कागद हातात धरून तिने विचारलं, “काकू, याचं सुतक असतं का?”

मला वाटलं, गौरींना हात लावायचा की नाही हे विचारतेय. म्हटलं, “पाळी आलीय एवढंच सांग घरी. सासूबाई पाळत असतील तर त्याच तुला बाजूला बसवतील.”

“ते माहितीये. पाळीचं नाही विचारत मी,” ती म्हणाली आणि रिपोर्टवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. “याचं असतं का?”

तिला सुतक टाळायचं नव्हतं. ते असावं, असं तिला वाटत होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात बीटा पुन्हा करू, एवढं म्हणून मी तिला पाठवलं, पण प्रश्न काही गेला नाही.

मी कामाला लागले त्या काळात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. तेव्हा स्लाइड टेस्ट होती. काचेवर लघवीचा थेंब, त्यात अँटिसीरम, मग लॅटेक्स. काडीने ढवळायचं आणि काच हलवत दिव्याखाली बघायचं. दाणे धरले तर गर्भ नाही, मिश्रण एकसंध राहिलं तर आहे. नवीन मुलींना हे उलटं गणित पचायला वेळ लागायचा. आणि एवढं करून ती टेस्ट एचसीजी हजारांच्या घरात गेल्यावरच बोलायची. म्हणून डॉक्टर सांगत, पाळी चुकून पंधरा दिवस होऊ देत, मग या. आजची पट्टी पंचवीस युनिटांना रेघ दाखवते, काही तर त्याच्याही आधी. पलावाच्या मुलीचे 38 युनिट त्या काचेला दिसले नसते. ती मैत्रिणीला म्हणाली असती, या वेळी चार दिवस उशीर झाला गं आणि जरा जास्तच गेलं. विषय संपला असता.

त्याआधीची गोष्ट याहून लांबची. बर्लिनमध्ये आश्हाइम आणि झोंडेक या दोघांनी 1927-28 च्या सुमारास दाखवलं की गरोदर बाईची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचली तर त्यांची बीजांडं वयाच्या आधीच जागी होतात. निकाल कळायला त्या माद्या मारून पोट उघडावं लागे. एका बाईचं ‘आहे की नाही’ ठरवायला पाच उंदीर जात. मग ससे आले. मग हॉगबेनची आफ्रिकन बेडकी आली. ती लघवी टोचल्यावर काही तासांत अंडी घालायची आणि जिवंत राहायची. 1947 मध्ये अर्जेंटिनाच्या गाली मायनिनीने नर भेक वापरला. 1972 मध्ये अमेरिकेत वैतुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी एचसीजीचा बीटा भाग नेमका पकडणारी तपासणी काढली. त्याआधी पिट्युटरीच्या एलएचशी गफलत व्हायची, कारण दोन्हींचा अल्फा भाग सारखाच असतो. आज पर्समध्ये मावणाऱ्या पट्टीच्या मागे हे एवढं आहे.

या सगळ्या शोधांतला मला हलवून गेलेला अभ्यास 1988 चा. अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या 221 निरोगी बायकांची रोज सकाळची पहिली लघवी गोळा केली आणि त्यात एचसीजी मोजलं. 198 गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या 22 टक्के, म्हणजे पाचातली एक तरी, कुणाला कळायच्या आत संपल्या होत्या. पुढचे गर्भपात धरले तर 31 टक्के.

म्हणजे हे नेहमीच होत आलंय. माझ्या आजीला झालं असेल, पणजीला झालं असेल, जिच्या ओटीत सात-आठ मुलं पडली तिलाही मध्ये कधीतरी झालं असेल. त्यांना पाळी आली. या मुलीचं बाळ गेलं. शरीरात घडलं ते एकच, मग तिच्या वाट्याला जास्तीचं आलं ते कुठून? पट्टीतून आलं. ते आणून देण्याचं काम मी करते, पैसे घेऊन करते, म्हणून हा प्रश्न माझाही आहे.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, भिक्षुकी करतात. तिलकनगर, रामनगर, पेंडसेनगर भागातल्या बऱ्याच घरांच्या मुंजी-लग्नं त्यांनी लावलेली. सासऱ्यांची ‘धर्मसिंधु’ची जुनी पोथीवजा प्रत त्यांच्याकडे आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ. महाराष्ट्रात सोयर-सुतकाचा प्रश्न आला की गुरुजी अजून त्याच्याकडेच बघतात. मी नाव-गाव न सांगता विचारलं. भाऊजींना पान उघडावं लागलं नाही.

“पहिल्या तीन महिन्यांत गेलं तर तो स्राव. आईला तीन दिवस. चौथ्या महिन्यात चार. पाचव्या-सहाव्यात गेलं तर पात. आईला महिन्यांइतके दिवस आणि बापाला, भाऊबंदांना तीन. सातव्यापासून प्रसूतीच धरायची. मनूही महिन्यांवरच दिवस मोजतो.”

“आणि पहिल्या तीन महिन्यांत बापाला?”

“स्नान.”

“एवढंच?”

“एवढंच. पण वहिनी, तुम्ही सांगताय ते महिन्याच्याही आतलं आहे. पाळी चुकून चार दिवस! ग्रंथकारांच्या हिशेबात ते बसतच नाही. शास्त्रात महिना आहे, युनिट नाही.”

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्रावाचे दिवस तीन आणि पाळीच्या अस्पर्शाचेही तीन. घरातल्या कुणालाही बाहेरून फरक दिसायचं कारण नाही. एखाद्या बाईला आतून कळलं असेलही, तरी तिचा शोक पाळीच्या आडोशाला बिनबोभाट उरकायचा. शास्त्राने तिला तीन दिवस दिले म्हणावं, तर ते तिच्याकडे आधीच होते.

पाळीच्या त्या तीन दिवसांचं मी कौतुक करणार नाही. बायकांना विश्रांती मिळावी म्हणून ही प्रथा होती, असं हल्ली भाषणांत ऐकायला येतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तीन दिवसांत धान्य निवडणं, गोधड्या धुणं, बाहेरची सगळी कामं माझ्याकडे असायची. फक्त देवघर आणि स्वयंपाकघर बंद. तो विटाळ होता आणि विटाळ म्हणूनच वागवला जायचा. घर माझ्या हाती आल्यावर मी तो बंद केला. सुतकाबद्दल मात्र माझं मन इतकं स्वच्छ नाही. सुतकात अख्खं घर थांबतं. देवाला हात नाही, सण नाही, गोडधोड नाही, शेजारी विचारतात आणि सांगावं लागतं. आपल्यातलं कोणी गेलंय, याची चारचौघांत नोंद होते. पलावाची मुलगी हेच मागत होती. तिला बाजूला बसायचं नव्हतं. काहीतरी झालंय, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

भाऊजींनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटली. कळल्याशिवाय सुतक नाही. हे आपल्या घरोघरी माहीत असतं, पण त्याचा अर्थ कोणी धरून ठेवत नाही. कोकणात चुलते गेले आणि पत्र आठ दिवसांनी आलं तर उरलेले दोन दिवस. दहा दिवसांनंतर कळलं तर तीन रात्री. वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर स्नान. मधल्या काळात तुम्ही लग्नात जेवलात, पूजा केलीत, तरी दोष नाही. मरण कधीच होऊन गेलेलं असतं, पण सुतक ते कानावर येईपर्यंत थांबून राहतं.

“मग भाऊजी, पट्टी ही कानावर आलेली बातमीच झाली की!”

“बातमी कुणाची पण?” ते म्हणाले. “कोण होतं? कोण गेलं? आधी कुणी होतं हे तर ठरू दे.”

हा आक्षेप खरा आहे, आणि लॅबवाली म्हणून मला तो इतरांपेक्षा जास्त कळतो. पट्टीला बाळ दिसत नाही. एचसीजी तयार होतं ते गर्भाला बाहेरून वेढणाऱ्या पेशींत, ज्यांची पुढे वार होते. द्राक्षगर्भात बाळ नसतानाही हे संप्रेरक लाखांच्या घरात जातं. पुरुषाच्या वृषणात विशिष्ट प्रकारची गाठ असली तर त्याच्या लघवीतही रेघ उमटू शकते. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटण्यासाठी एचसीजीचंच इंजेक्शन देतात. ते टोचून घेतलेली बाई आठवड्याच्या आत पट्टी करून नाचायला लागते आणि मला तिला खाली बसवावं लागतं. भाऊजी लहानपणी मामांकडे अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ शिकले होते. त्यातला डोंगरावरच्या धुराचा दाखला त्यांना फार आवडतो: धूर दिसला म्हणून विस्तव आहे असं म्हणायचं, तर विस्तवाशिवाय धूर कुठेच नसतो हे आधी पक्कं हवं. आमच्या धुराला ती खात्री नाही. एचसीजी आहे म्हणजे बहुतेक वेळा गर्भ आहे, इथवर मी सही करते. गर्भ आहे म्हणजे जीव आहे का, त्यावर सही करायचा अधिकार माझ्या डीएमएलटीला नाही.

इंजेक्शनावरून एक आडवळण घेते, कारण ते आपल्या शेजारचं आहे. एचसीजीचं औषध वर्षानुवर्षं गरोदर बायकांच्या लघवीतून काढत आले आहेत, आणि एचएमजी हे दुसरं औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून. इटलीत त्यासाठी मठांतल्या वृद्ध नन्सकडून लघवी गोळा केली जायची. त्या औषधावरचं पहिलं मूल 1962 मध्ये इस्राएलमध्ये जन्मलं. ही इंजेक्शनं बनवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांपैकी भारत सीरम्स ही एक, आणि तिचा कारखाना डोंबिवलीहून पाच स्टेशनं पुढे, अंबरनाथच्या एमआयडीसीत. शरीराच्या बारा मळांत स्मृतिकार मूत्र मोजतात. ज्या घरांत अजून सोवळ्याने नैवेद्य होतो त्या घरांतल्या सुना नवस फेडतात तो याच मळातून निघालेल्या औषधावर, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

तर जीव कधी येतो? याची उत्तरं हवी तेवढी आहेत. चरक म्हणतो, शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग म्हणजेच गर्भ. म्हणजे पहिल्या क्षणापासून. सुश्रुताला चैतन्य चौथ्या महिन्यात प्रकट झालेलं दिसतं. गर्भोपनिषद रात्रींचा हिशेब देत देत जिवाला सातव्या महिन्यात आणतं. कल्याणच्या एका मौलवींच्या सुनेने मला सांगितलं होतं की त्यांच्यात एकशे वीस दिवस मानतात. ज्यूंच्या तालमुदात चाळीस दिवसांपर्यंत ते नुसतं पाणी. कॅथलिक चर्च गर्भधारणेपासूनच माणूस म्हणून वागवा म्हणतं. कोणाचंही उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि माझ्या मशीनला यांतलं एकही तपासता येणार नाही.

पण सुतक ठरवताना शास्त्राने हा प्रश्न कधी विचारला होता का? रात्री झोप येईना तेव्हा मी हेच उलगडत बसले. शेंडी ठेवण्याआधीचं मूल गेलं तर एक रात्र. नंतर गेलं तर तीन. मुंज झालेला गेला तर दहा. या तिघांच्या जिवात काय फरक होता? लग्न झालेली मुलगी गेली तर आईबापांना तीन दिवस. लग्नाआधी आणि लग्नानंतर तिचा आत्मा बदलला होता का? आणि संन्यासी गेला तर सुतकच नाही, कारण त्याने नाती आधीच सोडली. साऱ्यांचा जीव सारखा, असं एका तोंडाने सांगणारं शास्त्र दुसऱ्या तोंडाने हे तक्ते मांडतं. त्यांतून एकच निघतं: सुतक जिवाचं नसतं, नात्याचं असतं. किती नातं जुळलं होतं, त्याचा तो हिशेब. त्यातला मुंजीचा आणि मुलीचा हिशेब मला अजिबात मान्य नाही, पण मोजमाप कशाचं आहे ते स्पष्ट आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. असं दहाच्या आत गेलं तर वेगळं सुतक धरत नाहीत. चालू असलेली सोयर तेवढी पुरी करतात. म्हणजे त्या मुलीच्या दुःखाला पंचांगात स्वतःचा एक दिवसही नव्हता. त्याच आनंदीबाई पुढे फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1886 मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर. त्या दहा दिवसांची नोंद त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केली असं मी समजते.

आता पलावाच्या घरात काय झालं होतं ते बघा. पट्टी नवऱ्याने रात्री मेडिकलमधून आणली. रेघेचा फोटो काढला. दोघांनी तारीख मोजली, मे महिना निघाला. नाव नव्हतं, पण महिना ठरला होता. नातं जुळायला याहून जास्त काय लागतं? जुन्या ग्रंथकारांनी बापाला नुसतं स्नान सांगितलं, कारण त्याला काही माहीतच नसायचं. चार दिवस उशिरा आलेली पाळी पुरुषाला कोण सांगणार? कळणं हेच सुतकाचं कारण असेल, तर आज ज्याला कळलं त्यालाही ते लागायला हवं. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, निर्णयसिंधु लिहायला घेतलाय का?” पण नाही म्हणाले नाहीत.

याच्या उलटं बोलणाऱ्यांचंही मला पटतं, ते लिहिलं नाही तर लबाडी होईल. आमच्या भागातल्या एक ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, “याला नाव देऊ नका. बहुतेक वेळा गुणसूत्रांत चूक असते, निसर्ग गाळून टाकतो. सुतक-बितक काढलंत तर दोन दिवसांचं दुःख दोन वर्षं पुरेल.” त्यांचं भय निराधार नाही. सुतक आलं की मागोमाग दोष येतो, आणि दोष आला की दक्षिणा. मूल होत नाही म्हणून नारायण नागबळीला त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेली जोडपी माझ्या बाकावर रोज बसलेली असतात. त्यांना आणखी एक कारण देणं पाप होईल. जपानात हे होऊन गेलंय. जन्माला न आलेल्या बाळांसाठी तिथे मिझुको कुयो नावाचा विधी करतात, लाल लाळेरं बांधलेल्या जिझोच्या ओळीच्या ओळी देवळांत उभ्या असतात. कितीतरी आयांना त्याने आधार दिला. पण 1970 नंतर काही देवळांनी, विधी केला नाही तर त्या बाळाचा कोप होईल, अशी भीती घालून पैसा केला आणि त्यावर जपानातच टीका झाली. तेव्हा कुणी गुरुजी या तीन दिवसांपुढे शांत, होम, उद्यापन असलं काही जोडू लागले तर त्यांना दारातूनच परत पाठवावं. आमच्या भाऊजींनासुद्धा.

पुढच्या आठवड्यात ती आली. गौरी जाऊन झाल्या होत्या. पाळी म्हणून तिला बाजूला बसवलं होतं, दुसरं काही ती घरी बोलली नव्हती. बीटा आलं 3. मी तिला सांगितलं, “तू विचारलं होतंस ना, ते असतं. तीन दिवस.”

“ह्यांना?”

“पोथीत फक्त स्नान आहे. मला विचारशील तर त्यालाही तीन.”

तिने मान हलवली आणि पैसे दिले. मी घेतले. ते होऊन गेलेले दिवस तिने कसे मोजले, ते तिचं तिला माहीत.

पट्टी करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पाळीची तारीख उलटायच्या आधी करू नका. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. केलीत आणि रेघ येऊन पुसली गेली, तर घरात ज्यांना सांगावंसं वाटतं त्यांना सांगा आणि त्यांनी ‘अगं, ते काही नव्हतंच’ असं म्हणू नये. आणि सुतक पाळा किंवा पाळू नका, बीटा पाच युनिटांच्या खाली येईपर्यंत तपासणी सोडू नका. आकडा रेंगाळत राहिला तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो, आणि ते जिवावर बेततं.